विकीची चेन सारखी पडते

"गिअर ही कंपन्यांनी काढलेली फसवणूक आहे, आई!" रविवारी सकाळी चहात खारी बुडवता बुडवता विकीने जाहीर केलं. "माणसाला पाय दोन आणि गिअर एकवीस! आज सगळे उतरवतो. पुढे एक चकती, मागे एक चकती, मधे चेन. विषय संपला! तू भाजी फोडणीला टाकेपर्यंत सायकल तयार."

मालनबाईंनी मेथीच्या जुडीतून मान वर केली नाही. लेकाचे असले जाहीरनामे त्यांनी बरेच ऐकले होते, आणि प्रत्येक जाहीरनाम्यानंतर घरातली एक चालू वस्तू बंद पडली होती.

"गळ्यातली चेन काढून दे आधी," त्या म्हणाल्या. "ग्रीस लागलं तर सासूला काय तोंड दाखवशील?"

विकीने सोन्याची चेन काढून आईच्या हातात दिली. त्या दिवशी त्याने केलेली एवढी एकच गोष्ट शहाणपणाची होती, आणि तीही आईने सांगितली म्हणून.

विकीला स्वस्थ बसणं जमत नसे. बसला की पाय हलायचा. पाय धरून ठेवला की बोटं टेबल वाजवायला लागायची. बोटं आवरली तर तोंड सुरू. अंधेरीच्या ऑफिसात लोकांचे बिघडलेले कम्प्युटर दुरुस्त करायचं काम होतं, तिथे ही चुळबुळ खपून जाई. पण साखरपुडा झाला, लग्नाची तारीख दीड महिन्यावर पडली, आणि पठ्ठ्याची अवस्था कुकरच्या शिट्टीसारखी झाली. घराला रंग काढून झाला, पत्रिका वाटून झाल्या. आता करायचं काय? भांडुपच्या टेंभीपाड्यातल्या त्या दोन खोल्यांत विकी नुसता येरझाऱ्या घालायचा.

त्यात ऑफिसातल्या शौनकने आग लावली. शौनक म्हणजे सायकलवाला संत. तो म्हणाला, "सिंगल स्पीड कर भावा. गिअर गेले की डोक्यातली कटकट जाते. मन शांत होतं. फक्त एक लक्षात ठेव, चेन टाइट बसली पाहिजे. आणि तो मागचा जुना गिअर फेकू नकोस हां, तोच..."

पण विकी कुणाचंही शेवटचं वाक्य ऐकत नसे. "मन शांत होतं" इथपर्यंत ऐकून तो उठला होता.

आता सासरची ओळख. दर्शना घाटकोपरच्या भटवाडीतली, तिघी बहिणींतली मधली. बँकेत काउंटरवर बसायची, त्यामुळे समोरचा कितीही बडबडला तरी तिचा चेहरा हलत नसे. विकीसाठी हा गुण फार मोलाचा. तिचे वडील धोंडिराम, महापालिकेच्या शाळेतले निवृत्त मुख्याध्यापक. विहाराच्या कमिटीचे सेक्रेटरी. लग्नातलं देणंघेणं बंद झालंच पाहिजे, यावर त्यांनी भटवाडीत एवढी भाषणं दिली होती, की लोक त्यांना लांबून बघूनच फ्रिज-कपाटाचा विषय बंद करत. एका लग्नात मांडवाच्या मागे नवी वॉशिंग मशीन दिसली, तर सर न जेवता घरी निघून आले होते!

अशा माणसाच्या घरात जयाताईंनी, म्हणजे दर्शनाच्या आईने, दोन दिवस अबोला धरला. "माझ्या आईची बोरमाळ पेटीत पडून आहे. ती मोडून जावयाला चेन करते. ही आठवण आहे, देणंघेणं नाही." सर शेवटी गप्प बसले. साखरपुड्यात ती चेन विकीच्या गळ्यात पडली तेव्हा जयाताईंचे डोळे भरून आले होते.

तर ही एक चेन. आता दुसरीकडे वळू.

विकीने मधल्या पॅसेजमध्ये सायकल उलटी केली आणि खोलायला घेतली. खोलण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. वायरी गेल्या, हँडलवरचे खटके गेले, पुढच्या तीन दातेरी चकत्यांतली मोठी गेली, छोटी गेली, मधली राहिली. मागचा ढीग सोडवून त्यातली एक ठेवली, बाकीच्या गेल्या. सायकल कशी न्हाऊन आल्यासारखी दिसायला लागली! तेवढ्यात खालून भंगारवाल्याची आरोळी आली. विकीने सगळा जुना माल पिशवीत भरून गॅलरीतून त्याच्या गाडीवर सोडला, तोही राजाने गरिबांना दान करावं अशा थाटात.

मग चेन चढवली. ती वाळत घातलेल्या साडीसारखी खाली लोंबली. तिला ताणून धरणारा मागचा जुना गिअर, शौनक सांगत होता तोच, भंगारात गेला होता.

"काही नाही, जरा लांब आहे," विकी स्वतःशी म्हणाला. दोन कड्या काढल्या. तरी लोंबली. आणखी दोन काढल्या. आता ती एवढी आखूड झाली की दोन्ही टोकं एकमेकांना भेटेनात. परत दोन जोडल्या. परत लोंबली! जुन्या सायकलचं चाक मागे ओढून चेन ताणता येते, पण या सायकलची चाक बसवायची खाच उभी होती. चाक वर जाईल, खाली जाईल, मागे मात्र केसभरसुद्धा सरकणार नाही.

आत येऊन त्याने घरभर नजर फिरवली. कपाटावर लग्नाच्या धावपळीसाठी आणलेली आईची नवी चाकांची बॅग होती. बॅगेला चाकं चार. चार कशाला लागतात? एक चाक काढून त्याने लोखंडी पट्टीवर बसवलं, चेनच्या खाली टेकवलं आणि जुन्या ट्यूबचा रबर कापून वर ताणून बांधलं. चेन जरा आवळली, जरा तिरकी झाली. बरं दिसत होतं. बरोबर आहे की नाही, ते शौनकलाच विचारायला हवं होतं.

हात कोपरापर्यंत काळे. फोन स्टुलावर. मग विकीने फोन नाकाने उघडला. विकीचं नाक त्याच्या वडिलांवर गेलं होतं, म्हणजे भरघोस होतं. शौनकचं नाव दाबायला गेलं, ते नाक वरच्या नावावर टेकलं. वरचं नाव होतं, 'विक्रांत–दर्शना मंगल परिणय'. म्हणजे दोन्हीकडचे नातेवाईक आणि विहाराची अख्खी कमिटी असलेला ग्रुप! विकीने बघितलं नाही. नाकानेच माइक दाबला, नाकानेच वर सरकवला आणि दणक्यात बोलायला लागला.

"ऐक ना यार, ठरलं माझं. सिंगलच! एवढ्या भानगडी कोण सांभाळणार? पुढे तिघी होत्या ना, त्यातली मधली ठेवली. मोठी लय जड जाते, आणि छोटी नुसती भिरभिरते, कामाची नाही. मागच्या सगळ्या काढून टाकल्या, एकच ठेवली. आता लोचा आहे चेनचा. फालतू चेन दिलीय रे! जुना माल, वरून नुसता चकाकतो. दोनदा तोडून जोडली, तरी लोंबतेच. मला नवी पाहिजे, आणि चांगली जाड पाहिजे. कुठून काढायची सांग. आणि टेन्शन कसं द्यायचं ते पण सांग. टेन्शन दिल्याशिवाय ही लायनीवर येणार नाही!"

गेला मेसेज! विकीने हात पुसले, फोन सायलेंट करून पाठीवरच्या पिशवीत टाकला आणि "कांजूरपर्यंत जाऊन येतो गं!" म्हणत सायकल खांद्यावर घेऊन जिना उतरला.

टेंभीपाड्याचा उतार सायकलने छान उतरला. उतारावर कोणतीही सायकल छानच चालते. एलबीएस रोडवर आल्यावर त्याने पहिल्यांदा जोरात पॅडल मारलं आणि खट्! पाय हवेत फिरला. चेन पडली. त्याने चढवली. पुढच्या खड्ड्याला पुन्हा खट्. कांजूर आलं, खट्. पण विकीला मजा वाटायला लागली होती. चेन पडायची, उतरायचं, चढवायची, निघायचं. स्वस्थ बसायचा प्रश्नच नव्हता! कांजूरला वळायचं ठरलं होतं, तिथे तो न वळता विक्रोळीकडे सुटला.

विक्रोळीच्या सिग्नलला पाणी प्यायला थांबला, पिशवीत हात घातला आणि फोन बाहेर आला. मिस कॉलची रांग बोटाने सरकवता सरकेना. आई, दर्शना, जयाताई, विहाराचे खजिनदार, नागपूरचा मामा. आणि ग्रुपवर धोंडिरामसरांचा निरोप: 'श्री. विक्रांत यांस सप्रेम जय भीम. आपला संदेश सर्वांनी ऐकला. आपण ताबडतोब संपर्क साधावा.'

'आपण'! कालपर्यंत सर त्याला 'विकी बाळा' म्हणत होते. कसला संदेश? त्याने ग्रुप उघडला आणि स्वतःचाच आवाज कानाला लावला.

"...मोठी लय जड जाते..."

दर्शनाची मोठी बहीण दिपाली दोन बाळंतपणांनंतर जरा अंगाने भरली होती.

"...छोटी नुसती भिरभिरते..."

धाकटी कल्पिता दोनदा नोकरी सोडून घरी बसली होती.

"...फालतू चेन दिलीय रे! जुना माल..."

"मेलो," विकी म्हणाला. शेजारच्या रिक्षातल्या बाईने वळून पाहिलं. त्याने दर्शनाला फोन लावला, फोन मानेत दाबला आणि सिग्नल सुटला म्हणून सायकलही दामटली.

"दर्शू! अगं ऐक, तो मेसेज..."

"स्पीकरवर आहेस," दर्शना म्हणाली. आवाज असा, की काउंटर बंद, उद्या या.

"असू दे! अगं, ती मधली म्हणजे तू नाहीस!"



"मग कोण आहे?"

"चकती!"

"ही चकती कोण?" हा जयाताईंचा आवाज.

"सायकलची चकती, काकू! दातेरी! तिघी म्हणजे तुमच्या मुली नाहीत, मोठी म्हणजे दिपालीताई नाही..."

"ताई आतल्या खोलीत रडतेय," दर्शना म्हणाली. "विहारातनं खजिनदार येऊन गेले. पप्पांना विचारत होते, सर, जाड म्हणजे किती जाड द्यायचीय?"

"अगं, मी सायकल सिंगल केली! सायकल! मी स्वतः सिंगल..." मागून ट्रकने असा हॉर्न दिला की पुढचं वाक्य वाहून गेलं.

"तू सिंगल?"

"नाही गं! थांब, येतोच मी, सायकल घेऊनच येतो, म्हणजे तुम्हाला..." खट्! "शिट यार! चेन पडली!"

"काय पडली?"

"चेन! परत पडली! सकाळपासून सारखी पडतेय!"

"आईची चेन?" दर्शनाचा आवाज पहिल्यांदाच चढला.

रस्त्याच्या गोंगाटात विकीला त्यातला फक्त 'चेन' ऐकू आला. "हो गं, चेनच! भांडुपला पडली, कांजूरला पडली, आता विक्रोळीला सिग्नलपाशी, गटाराच्या जाळीजवळ! फेकूनच देणार आहे आज! तुम्ही कुठे जाऊ नका, मी येतोय!"

पलीकडून जयाताईंचा हंबरडा ऐकू आला आणि फोन कट झाला.

विकीला वाटलं, सासूबाई जावई येतोय म्हणून गहिवरल्या. माणूस घाबरला की त्याला असलंच काहीतरी वाटतं.

आता मात्र त्याने ठरवलं, सासऱ्यासमोर चेन पडून चालणार नाही. ही सायकल म्हणजे आपला पुरावा. सायकल नीट चालली पाहिजे, मग एकेक भाग दाखवून समजावून सांगू. तो बाजूच्या गल्लीत शिरला. बंद दुकानाच्या पायरीवर बसून त्याने मागचं चाक काढलं, बॅगेचं चाक सरळ केलं, रबराला आणखी दोन वेढे दिले, बुटाची नाडी काढून तीही आवळली. एकदा हात कामाला लागले की विकीला जगाचा विसर पडे. तिरकी चेन सरळ होईपर्यंत त्याने चकतीखाली वॉशर घातले, काढले, पुन्हा घातले. शेवटी चेन वीणेच्या तारेसारखी ताठ झाली. बोटाने छेडली तर टण् वाजली!

खुशीत तो हमरस्त्यावर आला, तर रस्ता तुंबलेला. बस, टेम्पो, रिक्षा सगळे भोंगे वाजवत उभे, आणि सिग्नलपाशी माणसांचा घोळका गटाराच्या जाळीवर वाकलेला.

"काय झालं भाऊ?" विकीने केळीवाल्याला विचारलं.

"सोन्याची चेन पडली गटारात. बिचाऱ्या बाईंनी आईचा दागिना मोडून जावयाला केली होती."

"अरेरे! आणि जावई?"

"तो म्हणे फेकून देणार होता. टाकली आणि पळाला सायकलवरनं."

"काय एकेक माणसं असतात!" विकी मनापासून हळहळला. आणि मनुष्य स्वस्थ उभा राहील कसा? सायकल खांबाला टेकवून तो घोळक्यात घुसला. "सरका, सरका! अशी नाही निघणार जाळी. पाना आहे माझ्याकडे. त्या बाजूने कोणीतरी धरा!"

पलीकडून कुणीतरी जाळी धरली. विकीने गुडघे टेकले, पाना अडकवला, जोर लावला. जाळी उचलली गेली आणि दोघांची डोकी एकमेकांवर आपटली. विकीने वर पाहिलं. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, चष्म्यावर चिखलाचा थेंब.

"जय भीम, काका," विकीच्या तोंडून सवयीने निघून गेलं.

"जय भीम," धोंडिरामसरांच्या तोंडूनही सवयीनेच निघालं. मग त्यांनी चष्मा पुसून समोरच्याकडे नीट पाहिलं. "नालायका!"

आयुष्यभर मुलांना 'अपशब्द वापरू नये' शिकवलेल्या माणसाच्या तोंडचा हा पहिला अपशब्द असावा, कारण म्हटल्यावर ते स्वतःच दचकले. मागून जयाताई पुढे आल्या. त्यांनी फक्त विकीच्या रिकाम्या गळ्याकडे पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. विकीला सरांचा राग परवडला असता, पण ते बघवेना.

"काकू, रडू नका! तुमची चेन घरी आहे! आईजवळ! पडली ती ही चेन, सायकलची!"

घोळका सायकलकडे वळला. सगळ्यांनी वाकून पाहिलं.

"कुठे पडलीय?" केळीवाला म्हणाला. "चांगली बसलीय की!"

"आत्ता बसलीय. पण पडते! सारखी पडते!"

"मग पाडून दाखव," दर्शना म्हणाली. ती आईचा खांदा धरून उभी होती, आणि चेहरा नेहमीसारखाच शांत. त्या चेहऱ्यामागे काय चाललंय हे विकीला आज पहिल्यांदाच समजेना, आणि त्याचा जीव टांगणीला लागला.

विकीने पॅडल हाताने गरगर फिरवलं. चेन पडली नाही. सायकल उचलून आपटली. पडली नाही. मग तो सायकलवर बसला आणि तुंबलेल्या गाड्यांच्या मधल्या जागेत गोल गोल फिरायला लागला. मुद्दाम खड्ड्यात घातली, फुटपाथवर चढवली, फुटपाथवरून खाली उडवली. चेन जन्मल्यापासून तिथेच असल्यासारखी बसून होती!

"पड ना यार!" विकी घामाघूम होऊन ओरडला. "पड की!"

"येडा आहे बहुतेक," बसचा कंडक्टर दारातून म्हणाला.

"माझ्या मुलीचं नशीब," सर खालच्या आवाजात म्हणाले. "लग्नाआधी कळलं ते बरं झालं."

हे वाक्य विकीच्या कानावर पडलं आणि त्याचे पाय थांबले. दिवसभरात पहिल्यांदाच. बोटंसुद्धा हलेनात. सायकल तशीच दोन पायांत धरून तो रस्त्याच्या मधोमध उभा राहिला.

तेवढ्यात तुंबलेल्या रिक्षांच्या मागून एक आवाज आला.

"सरा बाजूला! अहो जयाताई! किती फोन करायचे माणसाने!"

मालनबाई रिक्षातून उतरून गाड्यांमधून वाट काढत येत होत्या. मेथीचा वास अजून हाताला होता. त्यांनी जयाताईंच्या पुढ्यात पर्स उघडली, पर्समधून रुमाल काढला, रुमालाची गाठ सोडली. सोन्याची चेन उन्हात चमकली.

"सकाळीच काढून घेतली होती मी त्याच्याकडनं. तुम्ही फोनवर नुसत्या रडत होतात, मला बोलूच देईनात! चेनला काय झालं नाही. माझ्या पोराचं डोकं ढिलं आहे, पण नियत नाही."

जयाताईंनी चेन डोळ्यांना लावली, मग मालनबाईंचे हात धरले आणि दोघी भर रस्त्यात गळ्यात गळा घालून रडल्या. घोळक्याने टाळ्या वाजवल्या. मालनबाईंनी डोळे पुसले, सायकलकडे पाहिलं आणि त्यांचा हात कमरेवर गेला.

"हे माझ्या नव्या बॅगेचं चाक ना रे?"

विकीने मान खाली घातली.

धोंडिरामसरांचं समाधान मात्र झालं नव्हतं. ते शिक्षक. सिद्ध केल्याशिवाय उत्तर मान्य करायची त्यांना सवय नव्हती. "दागिन्याचं कळलं. पण तिघी, जड, सिंगल, टेन्शन, हे सगळं तू या सायकलबद्दल बोललास?"

"शपथ, काका. गिअर काढून एकच ठेवला की सिंगल म्हणतात. चेन ताणून ठेवायची, त्याला टेन्शन देणं म्हणतात."

"हो?" सरांनी पँटचे पाय मोज्यात खोचले. "दे इकडे."

"अहो, राहू द्या!" जयाताई म्हणाल्या.

सर सायकलवर बसले. तरुणपणी ते शाळेला सायकलवरच जात असत. त्यांनी ताठ मानेने समोर पाहिलं, पाय पॅडलवर ठेवला आणि सगळं वजन टाकून दाबलं.

टण्!

चेन नुसती पडली नाही, तुटली. दोनदा तोडून जोडलेली कडी उडून केळीच्या गाडीवर गेली, बॅगेचं चाक बसखाली गेलं, पॅडल रिकामं गरकन फिरलं आणि महापालिकेचे निवृत्त मुख्याध्यापक समोरच्या ट्रॅफिक हवालदाराच्या मिठीत जाऊन विसावले.

कुणी हसलं नाही. हवालदार तर श्वास रोखून उभा होता. सरांनी त्याच्या खांद्यावरून मान वर काढली.

"पोरगं खरं बोलतंय," ते म्हणाले. "फालतू चेन आहे."

"अहो!" जयाताई ओरडल्या.

"ही म्हणतोय मी, ही!"

मग मात्र विक्रोळीचा सिग्नल असा हसला, की हवालदाराला शिट्टी फुंकून हसू थांबवावं लागलं. सरांनी खिशातून फोन काढला आणि तिथेच उभं राहून, आपल्या शाळेच्या भाषेत, ग्रुपवर खुलासा टाइप केला: 'सदर संदेशातील चेन, चकती व टेन्शन हे सर्व सायकलचे भाग असून कोणीही गैरसमज करून घेऊ नये. लग्न ठरल्याप्रमाणे होईल.' खजिनदारांनी त्यावर लगेच अंगठा पाठवला.

मोठी माणसं रिक्षाने पुढे गेली. सायकल रिक्षात मावेना, म्हणून विकी ती ढकलत भटवाडीकडे निघाला. थोड्या वेळाने लक्षात आलं की हँडलच्या दुसऱ्या बाजूला दर्शनाचा हात आहे.

"तू नाही गेलीस?"

"नाही. तुला एकटं सोडलं तर वाटेत ब्रेक पण काढशील."

"दर्शू, तुला पण वाटलं का गं, की मी तसं बोलेन?"

दर्शनाने सायकल एका खड्ड्याच्या कडेने वळवून घेतली. "चेनबद्दल नाही वाटलं," ती म्हणाली. "पण सिंगलच बरं असं तू म्हणालास ना, तेव्हा एक मिनिट वाटलं, की हा बाबा घाबरला."

"घाबरलोय की!" विकी एकदम बोलून गेला. "म्हणून तर एवढं सगळं उचकटत बसतो. लग्नाला नाही घाबरत. नुसतं वाट बघत बसायला घाबरतो."

दर्शना हसली. तिचं हसणं काउंटरवर कुणी पाहिलं नसेल. "आता थोडेच दिवस राहिलेत. तेवढे बस ना शांत."

"बसतो," विकी म्हणाला. "आईची शप्पथ."

भटवाडीत सगळे त्यांची वाट बघत होते. दिपालीताईने विकीला चहा दिला तो बिनसाखरेचा, आणि देताना म्हणाली, "मला जरा जड जातं ना, साखरेच्या डब्यापर्यंत जायला." कल्पिता दारात उभी राहून गोल गोल भिरभिरून दाखवत होती आणि पोट धरून हसत होती. विकीने कडू चहा घोटाघोटाने, एक अक्षर न बोलता संपवला. जयाताईंनी चेन पुन्हा त्याच्या गळ्यात घातली. सरांनी पाठीवर हात ठेवून "विकी बाळा" म्हटलं. मालनबाईंना भरून आलं. बोलणी पुन्हा मांडवावर आणि जेवणावर आली, पंखा संथ फिरत राहिला, आणि विकी हात मांडीवर ठेवून, पाय जुळवून, शहाण्या मुलासारखा स्वस्थ बसला.

बसल्या बसल्या त्याच्या लक्षात आलं, की आपण ज्या स्टुलावर बसलोय, त्याचा मागचा एक पाय जरासा हलतोय.